मोठ्या घंटेचं चामडं

चर्चच्या घंटामनोऱ्याच्या गोल जिन्यात एका वेळी एकच माणूस मावतो. हॅल्सबी गावात हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक. वर चढणाऱ्या सायलस नावाच्या परक्या सुताराला मात्र वरून उतरणारी थर्झा समोर आल्यावरच कळलं.

"आता मागे कोण हटणार?" त्यानं विचारलं.

"ज्याची चूक, तो."

तो उलट्या पावलांनी उतरला, तिच्या हातातल्या कंदिलावर नजर ठेवून... निदान त्याचं म्हणणं तसं.

चर्चच्या छताखालचे लाकडी देवदूत दुरुस्त करायला तो आला होता. जुन्या यादवीत सैनिकांनी त्यांची नाकं उडवली होती. झाडलोट करणाऱ्या पेकबाईंचा हिशेब तयार होता. "देवदूत वर, आणि सुताराची मान खाली. थर्झा फुलं रचते तेव्हा तर फारच."

थर्झा हसली नाही. सर्वांत मोठी घंटा तिचे वडील वाजवायचे, शेजारची ती. ते गेल्यापासून त्यांचा दोर तिनं कुणाला धरू दिला नव्हता. त्यांच्या मृत्यूला वर्ष झालं त्या दिवशी मात्र सगळ्या घंटा हव्या होत्या, आणि सायलसला दोर ओढता येत होता. शोकाच्या रिवाजाप्रमाणे तिनं प्रत्येक घंटेच्या लोलकाला एका अंगानं चामडं बांधलं: एक ठोका खणखणीत, दुसरा दुरून आल्यासारखा.

पुढच्या रविवारीही तो दोर सायलसच्याच हाती राहिला. ती हो म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. इतर घंटा मोकळ्या वाजल्या. मोठी मात्र एकदा बोलली, एकदा तिनं हुंदका गिळला.

"पोरगी चामडं काढायला विसरली," पेकबाई पुटपुटल्या.

प्रार्थनेनंतर सायलस जिन्याच्या तोंडाशी थांबला. "तुम्ही विसरला नाहीत."

"नाही... ते काढलं की बाबा खरंच गेले, असं होईल."

"मी काढू?"

"नको."

"शनिवारी माझं काम संपतंय. त्या दोराला माणूस हवा असेल तर सांगा. नसेल तर—"

ती कंदील उचलून निघून गेली.

शनिवारी संध्याकाळी त्याची हत्यारांची पेटी दाराशी बांधून ठेवलेली दिसली. थर्झा तिला वळसा घालून एकटीच वर गेली. चामड्याची गाठ वडिलांनीच शिकवलेली, सुटता सुटेना. उतरताना जिन्यात तो समोर.

"मागे कोण हटणार?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं चामडं त्याच्या हातात ठेवलं. "कुणीच नको. उद्याचा दोर तुझा."

"उद्याचाच?"

"पाद्रीबाबांना सांगून ठेव. लग्नाआधी आपली नावं चर्चमध्ये तीन रविवार वाचावी लागतील. हरकत घ्यायला पेकबाईंना वेळ नको का?"

सकाळी मोठी घंटा दोन्ही अंगांनी खणखणली. थर्झा शेजारच्या दोराशी उभी होती. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.