फुलपाखरू म्हण

शाईच्या चित्रांत काहीही दिसो, फुलपाखरू म्हणायचं. टेकडीवरच्या त्या इस्पितळात नव्या बाईला हे धुणीघरातच शिकवलं जाई. डॉक्टर एकेक पुठ्ठा पुढे करतात, त्यावर शाईचा डाग असतो, आणि फुलपाखरू म्हणणारी शहाणी ठरून घरी जाते.

"अगं ओटी, हट्ट करू नकोस," चादर पिळता पिळता बाबेट म्हणाली. "लेकीला काय सांगशील? खरं बोलले म्हणून अडकले?"

लेकीचं नाव निघताच ओटिलियाने चादरीचं दुसरं टोक घट्ट धरलं. नवरा गेल्यावर तिने गावच्या कारभाऱ्यांना तोंडावर खोटारडे म्हटलं, म्हणून तिला वेडी ठरवून इथे आणून टाकलं होतं. आजची परीक्षा फसली, तर नाताळाआधी कारभारी तिच्या रोझलीला कुणा परक्या शेतकऱ्याच्या घरी राबायला धाडणार होते.

"बरं बाई, म्हणेन फुलपाखरू," ती म्हणाली.

डॉक्टर त्सेल्वेगरांच्या खोलीत शेगडी धगधगत होती. खिडकीबाहेर धुकं. रीतीप्रमाणे डॉक्टर तिच्या शेजारी, जरासे मागे बसले. त्यांच्या पाठीशी दार होतं, बंद.

"काय दिसतंय, बाई?"

"फुलपाखरू."

डॉक्टरांनी लिहून घेतलं, जांभई दाबली आणि पुढचा पुठ्ठा दिला.

ओटिलियाने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. डागात हीच खोली होती. पुढे बसलेली बाई, मागे पाठमोरे डॉक्टर, आणि त्यांच्याही मागे किलकिलं झालेलं दार. फुलपाखरू म्हण, मेले, म्हण की! पण ते खोटं काही केल्या जिभेवर चढेना. कारभाऱ्यांपुढेही चढलं नव्हतं.

"तुमचं दार उघडतंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. दार बंद होतं. "चित्रात काय दिसतं ते सांगा."

"तेच सांगतेय."

"बाई, तुमची सुटका या उत्तरांवर आहे."

"ठाऊक आहे. लिहा!"

त्यापुढच्या पुठ्ठ्यात दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यात कुणीतरी उभं होतं. त्यानंतरच्यात ते उंबऱ्याच्या आत होतं. ओटिलिया एकेक सांगत गेली, डॉक्टर लिहीत गेले. खोलीत ओल्या शाईचा वास येऊ लागला. पुठ्ठे तर छापील होते, कधीचे वाळलेले.

शेवटचा पुठ्ठा.

"तुमच्या खुर्चीमागे आहे," ती म्हणाली. "हात उचललेत त्याने."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी वाकून पुठ्ठ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"फुलपाखरू आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"खोटं!" ओटिलिया ताडकन उठली. "मला दिसलं तेच तुम्हाला दिसलंय. मी वेडी, तर मग तुम्ही कोण हो? लिहा ना वेडी! पण आधी मागे वळून बघा, आणि मग लिहा."

डॉक्टर वळले नाहीत.

त्यांनी सुटकेचा कागद ओढला, सही केली, शिक्का मारला.

ओटिलिया कागद घेऊन दाराशी गेली. दार किलकिलं होतं. बाहेर कुणी नव्हतं.

"बाई," डॉक्टर तसेच पाठमोरे बसून म्हणाले. "माझ्या पाठीवर काही आहे का हो?"

तिने पाहिलं. पांढऱ्या कोटावर दोन पंज्यांचे काळे, ओले ठसे होते. कागद घडी घालून उघडावा तसे डावा-उजवा अगदी सारखे. बोटं अजून मानेकडे सरकत होती.

तिने कागद छातीशी धरला.

"फुलपाखरू," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.