पहिलं पाणी

विस्तवाजवळ सरका रे, आणि तो फोन ठेव खाली. वरच्या आळीतल्या इत्सुकोला तुम्ही ओळखताच. तिच्यावर बेतलं ते तिच्याच तोंडून ऐकलंय, तेच सांगतो. तिच्या घरी इतकी वर्षं लाकडं मीच टाकतोय, खोटं सांगून मला काय मिळणार?

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. त्या रात्री पहिला बर्फ पडला. दुपारी इत्सुको आपली छोटी गाडी घेऊन माझ्याकडे आली, वाळकी फाटी न्यायला. तोंड उतरलेलं. म्हणाली, "गेन्साकुदादा, ही तिसरी पाहुणी. हीपण रात्रीतून पळाली ना, तर पर्यटन मंडळवाले माझ्याकडे माणसं पाठवायचं बंद करणार. मग घराला कुलूप, आणि मी सेन्दाईला लेकाच्या फ्लॅटमध्ये, सुनेच्या तोंडाकडे बघत."

नवरा गेला, पाठोपाठ सासरा तोराकिची गेला, तेव्हापासून ती घरात पाहुणे ठेवायची. घरचं जेवण, आणि लाकडावर तापवलेलं, गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं टाकं. त्या पाण्यासाठी लोक यायचे आणि त्या पाण्यापायीच पळायचे. एकाच पाण्यात सगळे पाळीपाळीनं बसतात, म्हणून पाहुण्याला पहिलं पाणी द्यायचं, ही आपली रीत. पण पाहुणा झाकण काढतो तर पाणी गढूळ, वर पांढरे केस तरंगताहेत, बाजूचा पाट ओला. आमच्याआधी कोण उतरलं होतं, म्हणून विचारायचे. कोणी नाही म्हटलं तर पटणार कुणाला? टाकं घासून घासून बाई मेटाकुटीला आली होती.

त्या दिवशीची पाहुणी तैवानची, पेइशान नावाची पोर. लोकांच्याच घरी राहत अख्खा जपान बघत चालली होती. बोलणं मोडकंतोडकं, पण पोर लाघवी. आल्या आल्या इत्सुकोला आई म्हणायला लागली. इत्सुकोनं तिच्यादेखत टाकं रिकामं केलं, नवं पाणी भरलं, बाहेर चुलाणाशी बसून तापवलं आणि म्हणाली, "जा बाळ, निवांत बस."

पोर गेली तशी परत आली. टॉवेल छातीशी धरलेला.

"आई, आत आजोबा आहेत. त्यांचं होऊ दे, मी थांबते."

इत्सुकोनं लोणच्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "बस तू. लोणचं खा."

तुम्हाला वाटेल घाबरली. छे, संतापली होती ती. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिलं पाणी सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, मग लेकाचं. ही बाहेर थंडीत चुलाण फुंकत बसायची आणि भिंतीतून विचारायची, "मामंजी, पाणी कसंय?" आतून उत्तर आलं तर आलं. हिची पाळी येईतो पाणी निवलेलं, आणि त्यात सगळ्या घराचा मळ. तिला पाणी कसं लागलं, हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. आणि आता मेल्यावरही पुन्हा तेच.

ती न्हाणीत गेली. आत कोणी नव्हतं. पाणी मात्र गढूळ. तिनं ते सोडून दिलं आणि पुन्हा भरलं. बाहेर नुसते निखारे उरले होते, पाणी जेमतेम कोमट झालं. तिनं अंग धुतलं आणि स्वतःच टाक्यात उतरली.

"मामंजी, आज पहिली मी," ती म्हणाली. "तुम्ही थांबायचं. कंटाळले मी तुमच्या हट्टाला. पाहुणे घालवलेत, आता घरही घालवा. मी कुठं जाऊ, सांगा ना?"

ती गळ्यापर्यंत पाण्यात सरकली.

बर्फ पडत होता. त्याला आवाज नसतो.

मग भिंतीपलीकडे फाटं मोडलं.

इत्सुको हलली नाही. पोर तर घरात होती. मग बाहेर...

पुन्हा. कट्.

मग फुंकर. लांब. थांबून पुन्हा एक. म्हाताऱ्या छातीची, घरघरती.

पाठीशी पाणी तापायला लागलं. ऊन झालं. मग कढत. उठावं म्हटलं तर पाय उचलेनात. अंग लाल झालं. फुंकर चालूच. हा मला शिजवतो की काय...

फुंकर थांबली.

भिंतीला अगदी लागून कोणीतरी होतं. बोलत नव्हतं. हलत नव्हतं. वाट बघत होतं...

तिला आठवलं, भिंतीपलीकडे अशीच ती उत्तराची वाट बघत बसायची. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"पुरे, मामंजी. छान आहे पाणी."

...

बर्फात पावलं सरकली. लांब गेली.

पेइशान मग न्हाली, चांगली तीन रात्री राहिली. पाणी स्वच्छ. इत्सुकोचं घर आजही चालू आहे, परवाच लाकडं टाकून आलो.

पण त्या रात्री ती अंगावर कोट टाकून तशीच बाहेर धावली होती. चुलाण धडधडत होतं. जवळ कोणी नाही. तिच्या बसायच्या ठोकळ्यावर फुंकणी आडवी ठेवलेली. तिनं ती हातात घेतली.

फुंकणीचं तोंड ओलं होतं. आणि ती ओल अजून कोमट होती.