लंबूचा रिलीव्हर

सरका जरा जवळ. ही गोष्ट घडली ती माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत. वीजघरातल्या युनियनचा तो सेक्रेटरी. सगळे त्याला दादाच म्हणायचे.

वीजघर बंद पडून वर्ष झालं होतं. जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. सकाळी भंगारवाले बॉयलर कापायला येणार, म्हणून दादा युनियनची पाटी काढून आणायला निघाला.

फाटकावरचा वॉचमन हसला. "दादा, आता संप कुणाचा करताय? वटवाघळांचा?"

"ती तरी एकजुटीनं लटकतात," दादा म्हणाला आणि बॅटरी घेऊन आत शिरला.

वीजघराची एक रीत होती. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन "मी आलो, तू जा घरी" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. चालू बॉयलर वाऱ्यावर कसा सोडणार? रीत सगळ्यांना सारखी. पगार मात्र सारखा नव्हता.

लंबू ठेकेदाराकडचा, राख काढायच्या कामावर. कंत्राटी माणूस युनियनच्या करारात बसेना. "दादा, आम्हालाही घ्या की," असं तो कितीदा म्हणाला असेल. दादा म्हणे, "पुढच्या करारात बघू."

मग ठेकेदारानं माणसं कमी केली. एका रात्री लंबूला सोडवायला कुणी आलंच नाही. त्यानं दादाला फोन केला. "थांब, पाठवतो कुणाला तरी," दादा म्हणाला. पर्मनंटवाल्यांतलं कुणी राखेवर जायला तयार होईना. फोन करता करता दादाला डोळा लागला. पहाटे तुंबलेली गरम राख लंबूच्या अंगावर कोसळली आणि तो गेला.

तर त्या शुक्रवारी दादा लोखंडी जिना चढून वर गेला. पाटीचे स्क्रू सैल करत होता. खालून फावड्याचा आवाज आला.

खर्र... खर्र...

बॅटरी वळवली. कुणी नाही.

आवाज थांबला.

मग अगदी कानाशी, दमलेलं...

"दादा... माझा रिलीव्हर आला का हो?"



"पोरगीला सांगून आलोय... सकाळी येतो म्हणून..."

मग नुसता श्वास. जड.

जिना मागेच होता. पळता आलं असतं. पण आपण पळालो तर हा उद्याही थांबेल. परवाही. बॉयलर कापून नेला, तरी थांबेल.

दादानं पाटी खाली ठेवली.

"लंबू... मी आलो रे. तू जा घरी."



मग कुणीतरी जिना उतरत गेलं. सावकाश. दमलेला माणूस उतरतो तसं.

दादा रात्रभर तिथंच बसून राहिला. सकाळी भंगारवाले वर आले, तेव्हा रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. थंडीनं सगळं लोखंड गारठलेलं. त्यांच्या मुकादमानं जिन्याच्या कठड्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

कठडा गरम होता. एका मुठीपुरता.