टाकीतली चिमूट

परदेशातले महाराष्ट्र मंडळ साधारण सातव्या वर्षी फुटते आणि त्याची दोन होतात. तुर्झान देशातल्या कुमशेर शहराचे मंडळ एकतीस वर्षे एकसंध होते. तुर्झानच्या वाळवंटाखाली केवढा नैसर्गिक वायू आहे याचे जगाला नवल वाटे. मराठी माणसाला या एकीचे वाटले असते. आणि यंदा चार महिन्यांत मंडळ असे फुटले, की पंधरा सतरंज्यांतली आठवी कोणाची यावरून सचिव कपाटाची किल्ली खिशात घालून घरी गेले.

"कारण सापडलं. पाणी!" जलरसायनतज्ज्ञ आणि मंडळाचे सभासद डॉ. घैसास अध्यक्षबाईंना, केतकी खानोलकरांना, म्हणाले.

"पाणी पोटाला लागतं, डॉक्टर. मंडळाला कधीपासून लागायला लागलं?"

"हसू नका, ताई. वायूबरोबर खोलातून खारं पाणी वर येतं, तेच गाळून आपण पितो. त्यात लिथियम असतं. बॅटऱ्यांतलं, तेच. जुनी गाळणी मीठ अडवायची, हे किंचित निसटायचं. मनाचा तोल गेला की डॉक्टर याच धातूचे क्षार देतात. आपण त्याचा अंश रोज पीत होतो. राग यायचा, पण दातांपर्यंत येऊन परत जायचा."

पुढचे केतकीला सांगायला नको होते. जगाला वायू नकोसा झाला, लिथियम हवेसे झाले. तुर्झानने वायू पुन्हा जमिनीत सोडून पाणी तेवढे ठेवून घेतले. नवी गाळणी लिथियमचा कणही सोडत नव्हती, आणि चार महिन्यांपूर्वी ती प्रकल्पाची अभियंता म्हणून केतकीनेच बसवली होती.

मराठी वसाहतीच्या टाकीत चिमूटभर लिथियम परत घालणे सोपे होते. पण सामाईक टाकीत औषध घालायला चाळीसही घरांची संमती लागे. एक घर नको म्हणाले की संपले. चिमूट घालावी, फक्त या एका गोष्टीवर दोन्ही गटांचे एकमत झाले होते. एकोणचाळीस सह्या झाल्या. राहिली केतकीच्या घराची.

कारण गेल्या आठवड्यात भेंडी चिरता चिरता तिचा नवरा म्हणाला होता, "मला इथे कधीच यायचं नव्हतं." तिच्या नोकरीसाठी श्रीरंग मालवणची शाळा सोडून आला, त्याला सव्वीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत कुरकुर नाही, सदा हसतमुख.

"डॉक्टर, श्रीरंगचं खरं कुठलं? तेव्हाचं हसणं की आत्ताचं हे?"

"तेवढं मात्र माझ्या प्रयोगशाळेत तपासता येत नाही."

घरी तिने कागद श्रीरंगपुढे ठेवला.

"सही का नाही केलीस?" त्याने विचारले.

"केली तर तू इथे सुखाने राहशील."

"मग वाईट काय त्यात?"

"पुन्हा एकदा तुला न विचारता ठरवल्यासारखं होईल."

श्रीरंगने कागद जवळ ओढला. "चार महिन्यांत तीनदा भांडलो आपण. मला तर मजा आली. पण समोरचा देवस्थळी घरच्या भांडणापायी ताट घेऊन जिन्यात जेवतो गं. बघवत नाही." त्याने पेन उघडले. "एक अट. मे महिन्यात तुझा करार संपतो. मला मालवणला ने. मी नको म्हणालो, तरी ने."

"नेईन. तुझी शप्पथ."

त्याने सही केली.

मे उजाडला. मंडळ पुन्हा एक झाले होते, देवस्थळी घरात जेवत होता. केतकीने दोन तिकिटे टेबलावर ठेवली.

"कशाला गं?" तिच्या कपात चहा ओतत श्रीरंग मायेने म्हणाला. "इथे काय कमी आहे आपल्याला?"

त्याची अट तिला शब्द न् शब्द आठवत होती, आपली शप्पथसुद्धा. आता आत कुठेतरी कळ उठायला हवी, असे तिला वाटले. तिने कप हातात धरून थोडी वाट पाहिली. चहा छान झाला होता.

"खरंच की," ती म्हणाली, आणि कराराचा नवा कागद पुढे ओढून तिने सही केली.