जांभूळओढ्याच्या हाताखाली

रुबिना मुजावरला पर्यावरणशास्त्रात पीएचडीला प्रवेश मिळाला. पेढे वगैरे वाटून झाले. आता हे विसरायचं. गाइड मिळेपर्यंत असं काही घडलेलंच नाही.

घडलं ते इतकंच, की महिनाअखेरपर्यंत गाइड मिळाला नाही तर तिची शिष्यवृत्ती रद्द होणार होती, आणि अख्ख्या विद्यापीठात एकच जागा रिकामी होती. जांभूळओढ्याकडे. म्हणजे ओढ्याकाठी नव्हे; ओढ्याच्या हाताखाली.

नाव काठच्या जांभळांवरून पडलेलं. झाडं गेली, रंग राहिला. पुढे ओढ्यांना बोलतं करणारं ‘जलवाचा’ यंत्र आलं: पाण्यात रोवलेला खांब, त्यावर संवेदक आणि एक भोंगा. पाण्यात जी घाण सापडेल तिची यंत्र वाक्यं बनवी. रंगकारखान्यांच्या कृपेनं इथं इतकं सापडे, की ओढ्याचे शोधनिबंध विभागातल्या सगळ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त भरले. मग विद्यापीठानं त्यालाच गाइडची मान्यता दिली. शाल फेसावर अंथरली. ती विरघळली.

मुलाखतीला रुबिना काठावर उभी राहिली. जांभळा फेस उडून तिच्या ओढणीला चिकटला आणि तिथंच थरथरत राहिला. वास असा, की सकाळचा चहा घशाशी येऊन चौकशी करून गेला. विभागप्रमुख कोष्टी सरांनी नाकावर अत्तराचा रुमाल धरला होता. त्यामुळं त्यांना दोन्ही वास येत होते.

“या, बसा,” भोंगा म्हणाला. “त्या दगडावर नको. तिथं आमचं आम्ल आहे. विषय काय घेतलाय?”

“रंग खाणारे जिवाणू, सर.” रुबिनानं पिशवीतून बाटली काढली. “थोडे टाकून दाखवू?”

“टाका की. आमच्यात काही टाकायला परवानगी लागते, असा अनुभव नाही.”

तिनं खांबाच्या बुडाशी बाटली ओतली. पाणी बुडबुडलं, आणि हळूहळू ताटाएवढी जागा नितळ झाली.

“रंग कमी... रंग...” भोंगा अडखळला. “अगं पोरी, हे खाली काय आहे?”

“वाळू. तुमचा तळ, सर.”

“आमचा?” एवढं बोलून ओढा गप्प झाला.

“मुजावर, थांबव ते!” कोष्टी सरांचा रुमाल पडला. “पाणी स्वच्छ झालं की यंत्राला सांगायला काही उरत नाही. गाइड गप्प, निबंध बंद, मान्यता रद्द. तुझी जागाही गेली, कळतंय का?”

“मग संशोधन कशासाठी करायचं, सर?”

“पदवीसाठी! ‘जांभळ्या रंगाचे दीर्घकालीन संवर्धन’ असा विषय घे. कारखानेवाले वर नाश्तापण देतात.”

तेवढ्यात वरच्या कारखान्यांकडून रंगाचा नवा लोंढा आला. नितळ जागा मिटली, आणि भोंग्याला कंठ फुटला.

“पोरी, माझा अर्ज लिहून घे. आवाज आहे तोवर.”

रुबिनानं ओढणीवरचा फेस झटकला आणि मोबाइल काढला.

“सर, अर्ज गाइडमार्फत यावा लागतो ना?” तिनं कोष्टींना विचारलं. “गाइडच देतायत.”

प्रति, मा. कुलसचिव.
विषय: अर्जदारास स्वच्छ होऊन गप्प बसू देणेबाबत.

महोदय, अर्जदाराचा तळ आज थोडा वेळ दिसला. तो पुन्हा पाहण्यासाठी अर्जदारास बेमुदत बिनपगारी रजा मंजूर व्हावी, आणि रजेच्या काळात अर्जदार काहीच बोलला नाही, तर तेच विद्यार्थिनीचे संशोधन समजून तिला पदवी देण्यात यावी, ही नम्र विनंती.