अधिकाची खूण

"तुम्ही काऊन माझ्याकडं बघायलात?"

विद्यापीठाच्या गेटजवळच्या बसथांब्यावर दीपमालाने शेवटी विचारलंच. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. पण तेवढे डोळे पुरेसे रागावलेले होते.

"बसकडं बघायलोय," मोबाइलवरचं घड्याळ चालूच ठेवून तो मुलगा म्हणाला. "तुम्ही मधी आलात."

तिला हसू फुटलं. स्कार्फच्या आड आहे, दिसणार नाही असं तिला वाटलं... पण हसताना डोळे कुठे गप्प बसतात!

तो ऋतुराज. तिच्याच संख्याशास्त्र विभागातला, दुसऱ्या तुकडीतला. यादृच्छिक प्रक्रियांच्या प्रकल्पासाठी थांब्यावरची माणसं बसची किती वेळ वाट बघतात, ते तो मोजत होता. सरांनी जोडीने काम करायला सांगितलं होतं आणि याला जोडीदार मिळाला नव्हता. त्या दुपारी मिळाला.

मग रोज कडुनिंबाच्या सावलीत दोघं बसू लागली. तो घड्याळ सांभाळायचा, ती नोंदी करायची. तिखटमीठ लावलेला पेरू मधोमध असायचा आणि मोठी फोड नेमकी तिच्या बाजूला यायची. ती हे ओळखून होती. बोलत नव्हती, एवढंच.

भांडण झालं ते एका म्हाताऱ्या बाबांवरून. बराच वेळ ताटकळून ते कंटाळले आणि रिक्षाने निघून गेले. ऋतुराजने त्यांची नोंद खोडायला सांगितली. बस मिळालीच नाही, तर वेळ कुठला धरणार?

"पण थांबले तर होते ना," दीपमाला म्हणाली.

सरांनी तिची बाजू घेतली. असा माणूस खोडायचा नसतो, म्हणाले. त्याच्या वेळेपुढे अधिकाची खूण करायची. म्हणजे, निदान इतका वेळ तरी हा थांबला होता. ऋतुराजने हार मानली आणि त्या दिवशी अख्खा पेरू तिला दिला.

उन्हाळा लागला तसं चितेगावहून, तिच्या घरून, स्थळाचं बोलणं कानावर येऊ लागलं. मुलगा चांगला होता, हीच पंचाईत होती. नोंदींच्या शेवटच्या दिवशी तिने लाज बाजूला ठेवली.

"रविवारी पप्पा त्यांना होकार देणारेत. त्याच्या आधी कुणाला काही सांगायचं असंल तर... सांगावं."

ऋतुराजने मान खाली घातली. त्याच्या मनात काय आहे, हे तिला ठाऊक होतं. नोकरी नाही, कुठल्या तोंडाने मागणी घालू, हेही ठाऊक होतं. त्यावर तिचं उत्तर तयार होतं, फक्त त्याने विचारायला हवं होतं.

"बघू... रिझल्ट तर लागू दे," तो म्हणाला.

तिची बस आली. ती उठली नाही. पुढची आली, तीही गेली. पेरूच्या फोडी तशाच पडून होत्या. ऊन उतरलं, सावली लांबली, आणि तो कितीदा तरी तोंड उघडून पुन्हा नोंदींची पानंच चाळत राहिला. तिला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त कीव येत होती.

शेवटी तिला घ्यायला अभय, तिचा भाऊ, आला. अभयची मोटरसायकल रस्त्यापलीकडे थांबली. ती सावकाश स्कार्फ बांधू लागली.

"तुझ्या बस तर... येऊन गेल्या," ऋतुराज म्हणाला.

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. घड्याळ चालूच होतं.

"माझा पण वेळ मोजत होतास?"

त्याने मान डोलावली.

"मग खोडू नको. अधिकाची खूण कर," ती म्हणाली. "इतका वेळ तरी थांबली होती म्हणावं."

अभयच्या मागे बसल्यावर स्कार्फच्या आत ती पोटभर रडली. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, वळणावर बघितलंच. तो थांब्यावर तसाच उभा होता, आणि त्याची बस त्याच्यासमोर थांबून, त्याला न घेताच पुढे निघाली होती.