काचेत डावीकडे

रसिका आणि चंदन उद्या संध्याकाळी उत्तनच्या किनाऱ्यावर फोटो काढायला निघालेत हे कळलं, तेव्हा उत्तमकाका त्या दोघांना घेऊन सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसले. खाली सगळ्यांची जेवणं उरकली होती.

"जा की. मी कोण अडवणारा? फक्त आपल्या बी विंगमधल्या नीलेशचं काय झालं ते ऐका आणि मग जा. त्याने मला जसं सांगितलं तसंच सांगतो. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलंय."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

नीलेश दादरहून इकडे राहायला आलेला. विम्याच्या ऑफिसात नोकरी, आणि सुट्टी मिळाली की गळ्यात कॅमेरा. एक नाही, दोन. एक नवा डिजिटल. दुसरा त्याच्या वडिलांचा, साठ वर्षांपूर्वीचा, रोलवाला. चौकोनी डबाच तो, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं. आत दुधी काच असते, तिच्यावर समोरचं चित्र उमटतं. फक्त आरशासारखं. डावीकडचं उजवीकडे दिसतं, उजवीकडचं डावीकडे. नीलेशच्या हाताला त्याची इतकी सवय, की वेगळा विचार करावाच लागायचा नाही. त्या कॅमेऱ्यात काही खोट होती असं मनात आणू नका. वीस वर्षं त्याने तो वापरला. लग्नं काढली, बारशी काढली. कधी काही वावगं दिसलं नाही.

१२ डिसेंबर २०२३, मंगळवार. अमावस्या होती, पण ते त्याला मागाहून कळलं. उत्तनला ऑगस्टीन म्हणून एक मच्छीमार आहेत, साठीला आलेले. किनाऱ्यावर फोटो काढता काढताच या दोघांची ओळख झाली, पुढे घरोबा झाला. त्यांची बायको फ्लोरिन. मुलगी क्लेअर कॅनडात असते. तिचा फोन आला होता, की नाताळच्या आत मला पप्पांच्या वलांडीचा फोटो हवा, काळा-पांढरा, रोलवरचा, भिंतीवर लावायला. वलांडी म्हणजे वाळूत बांबू रोवून दोऱ्या ताणतात आणि त्यावर बोंबील वाळत घालतात ना, ती. नीलेशने अर्धा दिवस रजा टाकली आणि स्कूटरवरून मुर्धा, राई, मोरवा करत पाचच्या सुमारास पोचला.

उजेडातले फोटो झाले. पण त्याला सूर्य बुडाल्यानंतरचं आकाश हवं होतं.

ऑगस्टीन म्हणाले, "अर्धा तास घे, जास्त न्हाय. फ्लोरिननं कालवण केलंय. काळोख झाला का वर ये घरी."

"तुम्ही थांबा ना, अंकल."

"मी न्हाय थांबत इकडं. तू पन थांबू नको."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. नीलेशनेही विचारलं नाही.

ओहोटी होती. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. नीलेश उत्तरेला तोंड करून उभा होता. त्याच्या डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला गाव. हे नीट ध्यानात ठेवा. सात वाजायला दहा मिनिटं असताना त्याने जुना कॅमेरा स्टँडवर चढवला आणि आत पाहिलं. इतक्या काळोखात त्या काचेत खरं तर काहीच दिसायला नको.

पण दिसत होतं. स्वच्छ.

वलांडीच्या दोन रांगांमध्ये दोन माणसं होती. एक गुडघ्यावर. दुसरा उभा, हातात बांबू. उभ्याने बांबू उचलला आणि गुडघ्यावरच्याच्या तोंडावर घातला. पुन्हा उचलला. पुन्हा घातला.

नीलेशने मान वर केली. समोर नुसत्या दोऱ्या आणि बोंबील.

डोळ्यांचा भास असेल म्हणून त्याने डिजिटलवर फ्लॅश मारून फोटो काढला. स्क्रीनवर बघितलं. वलांडी. वाळू. बाकी कोणी नाही.

पुन्हा काचेत वाकला. खालचा माणूस आता आडवा पडला होता. हात वर करत होता. बांबू त्या हातावर बसला, आणि हात कोपरापासून नको तिकडे वळला. आवाज नाही. काहीच आवाज नाही. एवढी मारहाण, आणि कानाला फक्त लांबचा समुद्र.

नीलेशच्या तोंडून निघून गेलं, "ओ भाई... छोडो उसको."

काचेतला माणूस थांबला.

वळला.

त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि चालायला लागला. काचेच्या डाव्या कडेने. नीलेशने डावीकडे मान वळवली. कोणी नाही. आणि उजवीकडून फटका आला. खांद्याचं हाड मोडलं, ते त्याने आधी ऐकलं आणि मग त्याला कळ गेली.

तो स्टँडसकट खाली पडला. कॅमेरा निसटून छातीवर आला. काचेत तो माणूस वाकलेला दिसला, बांबू वर. डावीकडून. म्हणजे... उजवीकडून. उलटं. सगळं उलटं. नीलेश लोळला. तो होता तिथली वाळू उडाली. पुन्हा काचेत बघितलं, पुन्हा उलट्या बाजूला लोळला. पुन्हा वाळू उडाली. तिसरा फटका बरगड्यांत बसला. श्वास गेला. पण त्याने काच सोडली नाही. काच सोडली असती तर तो माणूस कुठे आहे हे कळलंच नसतं.

"नीलेश? कुठं हायस?"

ऑगस्टीन. हातात टॉर्च. वलांडीच्या टोकाला उभे.

काचेतल्या माणसाने नीलेशला सोडलं. तो तिकडे निघाला. सावकाश... घाई नसल्यासारखा. ऑगस्टीनच्या बाजूला जाऊन उभा राहिला. काचेत डावीकडे. बांबू उचलला.

डावीकडे समुद्र होता.

"अंकल, गावाकडे पळा..."

ऑगस्टीनने एक शब्द विचारला नाही. नीलेश सांगतोय ना, म्हणून गावाकडे वळले. सरळ बांबूच्या खाली.

टॉर्च पडला. त्याच्या उजेडात नीलेशला नुसत्या डोळ्यांनी दिसलं ते असं, की ऑगस्टीन वाळूत एकटेच पडलेत आणि त्यांचं शरीर दर थोड्या वेळाने उडतंय. एकदा. पुन्हा. पुन्हा.

नीलेश उठला. कसा, ते त्याला आजही सांगता येत नाही. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हाताने त्याने वडिलांचा कॅमेरा पट्ट्याला धरला. शेवटचं एकदा काचेत बघितलं. डावीकडे. मग उजवीकडच्या रिकाम्या काळोखात त्याने तो सगळ्या ताकदीनिशी फिरवला.

कॅमेरा हवेत कशावर तरी आपटला. फुटला. काचा वाळूत सांडल्या.

मग काही नाही. समुद्र... ऑगस्टीनचा घरघरणारा श्वास... आणि वरून धावत येणाऱ्या फ्लोरिनच्या हाका.

उत्तमकाका इथे थांबले. रसिकाने हळूच विचारलं, "वाचले का ते?"

वाचले. डावा डोळा मात्र गेला. गावातल्या माणसांनी दोघांना रिक्षात घालून भाईंदरच्या इस्पितळात आणलं. पोलिसांनी लिहून घेतलं, अज्ञात इसमांकडून मारहाण. नीलेश खांद्याला पट्टा बांधून ऑगस्टीनच्या खाटेशी बसून होता. सारखं एकच म्हणत होता, "मी चुकीचं सांगितलं, अंकल. मला माहीत होतं आणि मी चुकीचं सांगितलं."

ऑगस्टीनला तोंड उघडता येत नव्हतं नीट. तरी म्हणाले, "तू माझ्यासाठी उठलास ना. तेवढं पुरे हाय." नाताळला क्लेअर स्वतः आली. त्यानंतर ऑगस्टीनने तिथली वलांडी काढून टाकली. कोणी कारण विचारलं तर फ्लोरिन विषय बदलते. नीलेशकडे नवा कॅमेरा अजून आहे, पण संध्याकाळी तो बॅगेतून काढत नाही.

आता मी पाहिलं ते. त्या रात्री नीलेशच्या बायकोने मला बोलावून घेतलं होतं. ऑगस्टीनच्या भुवईवरची जखम शिवायला तरुण डॉक्टर आला. तो म्हणाला, बांबूची ढलपी आत राहिलीय. चिमटा घातला. ओढलं. स्टीलच्या ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला.

दात होता. माणसाचा. वरचा, मुळासकट.

डॉक्टरने ऑगस्टीनचा जबडा उघडून बॅटरीने पाहिलं. मग नीलेशला तोंड उघडायला सांगितलं. त्याने सावकाश मोजले. पुन्हा एकदा मोजले.

दोघांचेही दात जागच्या जागी होते.